बहिणीच्या लग्नाचं डेकोरेशन, ठाणे: काम मस्त, हिशोब जरा बघून घ्या

नौपाड्यातल्या एका डेकोरेटरकडून ताईच्या लग्नाचं डेकोरेशन केलं, नाव लिहीत नाही कारण पैशाचं अजून थोडं बाकी आहे.

आधी चांगलं सांगतो. वाड्याचा सेटअप हवा होता, तर लाकडी खांब, कमान, पितळी कंदील, तुळशीवृंदावन, मागे पैठणीचा पडदा, असं झकास उभं केलं की आजी स्टेजवर जाऊन कट्ट्यावर बसली ती उठेचना. हॉलमध्ये आदल्या रात्री दुसऱ्यांचं रिसेप्शन होतं त्यामुळे पोरं रात्री दोनला आत शिरली आणि सकाळी आठला सगळं तयार, मुहूर्त 11 वाजून 42 मिनिटांचा होता म्हणजे आमचा जीव टांगणीला लागला नाही.

आता हिशोब. पॅकेज 75 हजार सांगितलं, आम्ही खूश. बिल आलं 96 हजार. 18 टक्के जीएसटी म्हणजे साडेतेरा हजार, टेम्पोचे चार आणि रात्री काम केलं म्हणून लेबरचे साडेतीन. अहो, दिवसा हॉल रिकामा मिळणार नाही हे तुम्हाला बुकिंगच्या वेळीच माहीत होतं ना? त्यात बाहेरचा डेकोरेटर आणला म्हणून हॉलवाल्यांनी 15 हजार रॉयल्टी वेगळी घेतली, त्यात ह्याची चूक नाही पण ठाण्यात रोज काम करणाऱ्या माणसाने एका शब्दाने तरी सांगायचं. हॉल बुक करताना हे तुम्हीच विचारा.

आणि फुलं! कोटेशनमध्ये नुसतं 'फ्लॉवर डेकोरेशन' लिहिलेलं, आम्ही धरून चाललो खरी. मावशी फोटोला उभी राहिली आणि माळ हातात घेऊन वास घेतला, म्हणाली अरे हा झेंडू खरा आहे, वरचा बघ कसा एकसारखा दिसतोय. खरंच, हात पोचेल तिथपर्यंत खरी फुलं आणि त्याच्या वर सगळी आर्टिफिशियल, झिप टायने बांधलेली. विचारलं तर म्हणे काल मार्गशीर्षातला गुरुवार, दादरला भाव चढलेले. चढतातच, मान्य, पण तारीख तुम्हाला चार महिने आधी दिली होती की. म्हणून खरी किती खोटी किती, कुठे कुठली, हे लिहूनच घ्या. गजरे, हार, मुंडावळ्या आम्ही जांभळी नाक्यावरून आणल्या ते बरं झालं. रुखवताच्या टेबलाला त्याने झालर फुकट लावून दिली, तेही सांगायला हवं.

पाचपैकी साडेतीन स्टार. डिपॉझिट पाच हजार होतं त्यातले दीड हजार कापले, का तर एका कंदिलाची काच तडकली. आमच्या फोटोग्राफरने सकाळी आठला पाहुणे यायच्या आधी काढलेल्या फोटोत ती काच तडकलेलीच दिसतेय. फोटो व्हॉट्सअपवर पाठवलाय, ब्लू टिक आलीये, उत्तर नाही.