डिजिटल व्हर्निअर आणि छर्ऱ्याची खोली: आठ महिन्यांचा हिशेब

डिजिटल व्हर्निअर, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप पडद्यावर दाखवणारी पट्टी, घेतला तेव्हा पुतण्याचा आग्रह होता. तो दहा मीटर एअर रायफलचा सराव करतो. दारव्ह्याजवळच्या आमच्या शेतातलं कापसाचं गोडाऊन हीच त्याची रेंज. निशाणावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे घरात सगळं मिलिमीटरमध्ये बोलायची सवय लागली. व्हर्निअर दीडशे मिमीचा, हजाराच्या आतला. पडद्यावर ०.०१ दाखवतो.

मूळ बेत छर्रे निवडायचा. डब्यांवर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा लिहिलेला असतो. म्हटलं, मोजून वेगळे करू. पहिल्याच रविवारी दीडशे छर्रे मोजले आणि नाद सोडला. पडदा ०.०१ दाखवतो खरा, पण अशा यंत्राची चूकच ०.०२ ते ०.०३ असते. त्यात शिसं इतकं मऊ की जबडा जरा दाबला तरी आकडा उतरतो. एकच छर्रा तीनदा मोजून तीन उत्तरं आली. या कामासाठी घेत असाल तर घेऊ नका. डबा बदलून कागदावर गोळीबार करून पाहा, तो निकाल जास्त खरा निघतो.

उपयोग झाला तो भलत्याच जागी. आमची रायफल नळी बिजागरीवर खाली वाकवून भरायची, स्प्रिंगची. पुतण्या अंगठ्यानं छर्रा दाबायचा: कधी तोंडाशी सपाट, कधी थोडा आत, आणि त्याप्रमाणे नेम वर-खाली जायचा. छर्रा किती आत बसतो हे मोजायचं म्हटलं तर व्हर्निअरच्या मागची खोलीची सळई आहेच. पण छर्ऱ्याची शेपटी आतून पोकळ. सळई थेट त्या पोकळीत शिरते आणि दीड-दोन मिमी जास्त दाखवते. शिवाय नळीच्या तोंडाला हवा अडवणारं सील असतं, ते थोडं वर आलेलं. त्यावर यंत्राची टाच टेकली की सील दबतं. दोन आठवडे आम्ही चुकीचे आकडे वहीत लिहीत होतो.

उपाय तालुक्याच्या लेथवाल्यानं काढला. ‘काहून मोजून रायले भाऊ? ठेसा ना अंगठ्यानं!’ असं आधी हसला, पण पितळेची दांडी करून दिली. टोक सपाट, ४.३ मिमी जाड, मागे खांदा, आणि खांद्यात सीलपुरती खाच. टोक खांद्याच्या पुढे किती निघतं तेवढंच व्हर्निअरनं मोजायचं. पितळ शिशासारखं दबत नाही, म्हणून इथे आकडा दर वेळी तोच येतो. त्यानं सुरुवातीला २ मिमी ठेवलं, गट (कागदावरच्या भोकांचा पसारा) फाकले. घासत १ मिमीवर आलो. दहा मीटरवर आमचे पाच छर्ऱ्यांचे गट साधारण बारावरून आठ मिमीवर आले. अर्थात यात पुतण्याचा सरावही आहे. अन् हा आकडा आमच्या बंदुकीचा. तुमच्या नळीला दुसरा लागेल.

हेच प्रकरण मोठ्या रायफलीच्या काडतुसात गोळी किती खोल बसवायची यातही असतं. फक्त आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे. छर्ऱ्यांवर भागवा. आणि मोजताना बंदूक रिकामी, नळी उघडी, कोणाकडेही रोखलेली नको. शिसं हाताळल्यावर हात धुवा.

आता तक्रारी. बंद केला तरी तो सेल खातो. साधा अल्कलाइन सेल दीड महिन्यात मान टाकतो आणि आधी आकडे नाचायला लागतात; सिल्व्हर ऑक्साइडचा थोडा महाग, पण त्यावर निवांत चालला. वेचणीच्या दिवसांत गोडाऊनमधे शून्य हलतं. दोष यंत्राला दिला, मग जबडे पुसले तर कापसाचा एक तंतू निघाला. तो ०.०१५ मिमीच्या आसपास जाड असतो, म्हणजे पडद्यावर थेट एक-दोन अंक. उन्हाचं मात्र उगाच बोलतात. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस अंश होतात, तरी सहा मिमी लांबीच्या छर्ऱ्यात त्यानं मिलिमीटरच्या काही हजारांशांपलीकडे फरक पडत नाही. पंचेचाळिसात घामेजलेला हातच जास्त चुकतो.

सध्या व्हर्निअर आमच्याकडे नाही. लेथवाल्यानं सबमर्सिबलच्या बुशचं माप घ्यायला नेला आहे, तिसरा आठवडा चालू आहे. पुतण्याचं काम पितळेच्या दांडीवर भागतं.