व्याख्यान की अभिरूप सुरक्षा परिषद?
गावच्या वाचनालयात जागतिक घडामोडींची ओळख करून देऊ पाहणाऱ्या स्वयंसेवकांपुढे सहसा दोन मार्ग असतात: व्याख्यान, किंवा अभिरूप सुरक्षा परिषद, म्हणजे मुलांनी देशांचे प्रतिनिधी बनून संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची केलेली नक्कल. व्याख्यान सोपे, वक्ता, सतरंजी आणि ध्वनिक्षेपक एवढ्यावर भागते, आणि पुण्यात १८७५ मध्ये सुरू झालेल्या वसंत व्याख्यानमालेपासून श्रोत्यांना त्याची सवयही आहे. मात्र प्रश्नोत्तरे सुरू होताच निम्मी सभा चपला शोधू लागते. अभिरूप सुरक्षा परिषदेला १५ देशांच्या पाट्या, ठरावाचे मसुदे आणि मुलांकडून काही आठवड्यांची तयारी लागते. परंतु १४ मते बाजूने पडूनही एका कायम सदस्याच्या विरोधामुळे ठराव फेटाळला जातो, तेव्हा नववीतल्या मुलीला नकाराधिकार जसा कळतो, तसा तो तासभराच्या भाषणातून कळत नाही. हाताशी चार-पाच माणसे असतील, तर मी परिषदच निवडेन.