फाउंडेशन, ड्यून की एक्सपान्स? लोकलमध्ये वाचणाऱ्यांसाठी

१९६६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला विज्ञानकथाप्रेमींचं जागतिक संमेलन भरलं. त्या वर्षी ह्यूगो पुरस्कारांत एक खास विभाग होता: आजवरची सर्वोत्तम मालिका. टॉल्कीनचं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यादीत होतं, हाइनलाइन होता, बरोज होता, ‘लेन्समन’ होतं. जिंकलं आयझॅक आसिमोव्हचं ‘फाउंडेशन’. खुद्द आसिमोव्हला वाटत होतं की टॉल्कीनच जिंकणार. साठ वर्षं होत आली, पण शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर आम्ही चार-पाचजण जमलो की त्या निकालावर अजूनही तावातावानं भांडतो. टॉल्कीनवाले हटत नाहीत, ड्यूनवाले मध्ये पडतात, आणि एक्सपान्सवाल्यांना वाटतं की आपली मालिका १९६६ साली असती तर प्रश्नच मिटला असता. त्यांतली एक मी.

पण ऑफिसातली एक मुलगी, ‘ड्यून’चे दोन्ही सिनेमे पाहून भारावलेली, मला म्हणाली, “ताई, आता एक मोठी मालिका वाचायचीच आहे. कुठली घेऊ?” तेव्हा या भांडणाचा काही उपयोग होईना. ती राहते बदलापूरला. वाचायला तिच्याकडे वेळ एकच, लोकलमधला. मुंबईत बहुतेकांचं वाचन असंच तुकड्यातुकड्यानं होतं. सीट मिळाली तर ठीक, नाहीतर एका हातात हँडल आणि दुसऱ्या हातात पुस्तक. ठाणं आलं की दारातून लोंढा आत येतो, कुणीतरी “तुम्ही कुठे उतरणार?” विचारतं, मान वर करावी लागते. परत मान खाली घातल्यावर आपण कुठे होतो हे किती पटकन सापडतं, ते मी सगळ्यांत आधी बघते. मग बघते मालिका पुरी झाली आहे का, आणि पहिल्याच पुस्तकाशी थांबावंसं वाटलं तर समाधानानं थांबता येतं का.

‘एक्सपान्स’ या पहिल्या कसोटीवर सगळ्यांच्या पुढे आहे. जेम्स एस. ए. कोरी हे लेखकाचं नाव म्हणजे डॅनियल अब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांचं मिळून घेतलेलं टोपणनाव. ‘लेव्हायथन वेक्स’ २०११ साली आलं, नववी आणि शेवटची कादंबरी ‘लेव्हायथन फॉल्स’ २०२१ साली. दहा वर्षांत नऊ पुस्तकं, आणि गोष्ट खरोखर संपवली. प्रकरणं आटोपशीर आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्या पात्राचं नाव असतं. पहिल्या पुस्तकात जवळजवळ पूर्ण वेळ दोघंच आळीपाळीनं येतात: बर्फ वाहणाऱ्या जहाजावरचा अधिकारी होल्डन आणि सीरीस या लघुग्रहावरच्या वस्तीतला थकलेला डिटेक्टिव्ह मिलर. कुर्ल्याला पुस्तक मिटलं आणि संध्याकाळी परत उघडलं, तरी नाव वाचताक्षणी आपण जागेवर येतो.

त्यातलं विज्ञानही मला फार आवडतं, कारण ते अंगाला जाणवतं. जहाजात कृत्रिम गुरुत्व नावाची जादू नाही. इंजिन ढकलतं तेवढंच वजन, म्हणून जहाज इमारतीसारखं मजल्यावर मजला रचलेलं असतं आणि इंजिन तळाशी. इंजिन बंद झालं की सगळं तरंगायला लागतं. वेग फार वाढवायचा तर नसांतून औषधं घ्यावी लागतात, नाहीतर माणूस दबून मरेल. लघुग्रहांच्या पट्ट्यात जन्मलेली माणसं कमी गुरुत्वात वाढल्यामुळे उंच आणि काटकुळी झालेली, त्यांना पृथ्वीवर नीट उभंही राहता येत नाही. निरोप प्रकाशाच्या वेगानं जातो, त्यामुळे दूरच्या माणसाशी भांडतानाही उत्तराची वाट पाहावी लागते. राजकारण या सगळ्यांतून उगवतं. संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं डाव टाकणारी क्रिसजेन अवसरला साडी नेसते, शिव्या देते आणि समोरच्याला बोलता बोलता गुंडाळून ठेवते. ती दुसऱ्या पुस्तकात येते, आणि माझ्या मते या सगळ्या मालिकांतलं सर्वांत जिवंत पात्र तीच.

‘ड्यून’ची गोष्ट वेगळी. फ्रँक हर्बर्टची ही कादंबरी आधी ‘ॲनालॉग’ मासिकात क्रमशः आली. पुस्तकासाठी वीसेक प्रकाशकांनी नकार दिला, आणि १९६५ साली ती छापली चिल्टननं, ज्यांची ओळख होती मोटारदुरुस्तीच्या पुस्तकांसाठी. मग क्लीव्हलंडच्या त्याच संमेलनात तिला कादंबरीचा ह्यूगो विभागून मिळाला, आणि विज्ञानकथांसाठीच्या नेब्युला पुरस्कारांतला कादंबरीचा पहिलाच पुरस्कारही. पुस्तकाचे मोठे भाग तीन, पण आतल्या प्रकरणांना आकडे नाहीत. प्रत्येक प्रकरण सुरू होतं ते राजकन्या इरुलान किंवा आणखी कुणाच्या लेखनातल्या उताऱ्यानं, जो कधीकधी पुढे काय होणार तेही सांगून टाकतो. एकाच प्रसंगात हर्बर्ट एका पात्राच्या मनातून दुसऱ्याच्या मनात जातो. शब्द नवे, त्यांतले कितीतरी अरबीवरून घेतलेले, आणि मागे शब्दार्थांची मोठी यादी. लोकलमध्ये उभ्यानं वाचताना सारखं मागे उलटणं जमत नाही. सिनेमे पाहिले असतील तर अराकिस हा वाळवंटी ग्रह, तिथले फ्रेमेन लोक, बेने गेसेरिट हा बायकांचा पंथ, ही नावं ओळखीची असतात आणि निम्मा अडसर दूर होतो, हे मात्र खरं. तरीही ‘ड्यून’ घरी वाचावं, दिवाळीच्या सुट्टीत, दार लावून. ते पुस्तक सलग वेळ मागतं, आणि दिलेला वेळ व्याजासकट परत करतं.

या दोन्ही मालिकांच्या मुळाशी पाणीच आहे, आणि शेजारी ठेवून बघण्यासारखी हीच खरी बाब. ‘ड्यून’मध्ये पाणी हे पावित्र्य आहे. वाळवंटात फ्रेमेन लोक घाम आणि श्वासातली वाफ परत मिळवणारा पोशाख घालतात. मेलेल्याच्या शरीरातलं पाणी टोळीचं असतं, आणि मृतासाठी अश्रू ढाळणं ही एवढी मोठी देणगी ठरते की बघणारे थक्क होतात. पाण्याभोवती धर्म उभा राहिला आहे. ‘एक्सपान्स’मध्ये पाणी हा हिशेब आहे. शनीच्या कड्यांमधला बर्फ जहाजांतून सीरीसकडे आणायचा, त्याचं रेशन ठरवायचं, आणि एक जहाज वाटेत उडवलं गेलं की लाखो माणसांच्या घशाला कोरड पडते आणि दंगली पेटतात. नळाच्या वेळेवर ज्यांचं घर चालतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरच्या बिलावरून ज्यांनी आवाज चढवले आहेत, त्यांना हा दुसरा प्रकार आतून कळेल. पण पहिला प्रकार मनात जास्त काळ राहतो. ‘ड्यून’मधली पाणी वाटण्याची दृश्यं वाचून झाल्यावर काही दिवस तरी ग्लासात उरलेलं पाणी ओतून देववत नाही.

नेत्याकडे बघण्याची रीतही तपासावी. हर्बर्टला, माणसं एका तारणहाराच्या मागे डोळे मिटून गेली की काय होतं, ते दाखवायचं होतं. पहिलं पुस्तक वाचून पॉल हा साधासुधा नायक वाटतो. १९६९ सालच्या ‘ड्यून मसीहा’त त्याच्या विजयाची किंमत समोर येते. म्हणून पहिल्यावर थांबलात तर गोष्ट पुरी झाल्यासारखी वाटेल, पण हर्बर्टचं म्हणणं अर्धंच ऐकलेलं असेल. ते दुसरं पुस्तक बारीक आहे, जरूर घ्या. कोरींचा होल्डन याच्या उलट वागतो: हाती आलेली माहिती सगळ्या जगाला जाहीर करून टाकतो, आणि प्रामाणिकपणातूनही युद्ध पेटू शकतं हे त्याला कळत जातं.

‘फाउंडेशन’मध्ये तर व्यक्तीला फारशी किंमतच नाही, आणि हीच त्याची गंमत. गणिती हॅरी सेल्डन गणितानं दाखवतो की आकाशगंगेचं साम्राज्य कोसळणार आणि त्यानंतर तीस हजार वर्षांचा अंधार येणार. हा अंधार एक हजार वर्षांवर आणायची योजना तो आखतो आणि मरून जातो. पुढच्या पिढ्यांना एकेक पेच सोडवावा लागतो. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरचा गिबनचा इतिहास आसिमोव्हच्या डोक्यात होता. या गोष्टी १९४२ पासून मासिकात सुटसुटीत कथा म्हणून आल्या, म्हणून १९५१ सालचं पहिलं पुस्तक पाच भागांत पडतं. एक भाग दोन-तीन प्रवासांत संपतो. इंग्रजी सोपं, वर्णन जवळजवळ नाही, सगळा जोर संवादांवर. मराठी माध्यमातून शिकून पहिल्यांदा इंग्रजी विज्ञानकथेला हात घालणाऱ्याला मी हेच देते.

त्यात उणं काय तेही सांगते. पात्रं येतात, हुशारीनं बोलतात आणि पुढच्या भागात मेलेली असतात. कुणाला तहान लागत नाही, कुणी रडत नाही. पहिल्या पुस्तकात बायका जवळपास नाहीतच. दुसऱ्यात बेटा डॅरेल येते तेव्हा कुठे श्वास घेतल्यासारखं वाटतं, आणि त्याच पुस्तकात येणारा ‘म्यूल’ सेल्डनच्या गणितालाच आव्हान देतो. माझं प्रेम त्या पुस्तकावर जास्त आहे. टीव्हीवरची २०२१ पासूनची मालिका बघून पुस्तकाकडे येणार असाल तर दोन्ही फार वेगळी आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

आता अद्भुतरम्य मालिका. जॉर्ज मार्टिनच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाल्या मालिकेबद्दल थोडक्यात: पाचवं पुस्तक २०११ साली आलं, सहावं अजून नाही. पुरी गोष्ट हवी असेल तर सध्या हात लावू नका.

रॉबर्ट जॉर्डनचं ‘व्हील ऑफ टाइम’ पुरं झालेलं आहे, पण त्याचा आवाका बघून घ्या. १९९० ते २०१३ या काळात चौदा खंड, शिवाय एक पूर्वकथा, आणि सगळे मिळून चव्वेचाळीस लाखांच्या आसपास शब्द. जॉर्डन २००७ साली गेला. त्यानं मागे ठेवलेल्या मजकुरावरून आणि टिपणांवरून शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसननं लिहिले. फिरत राहणारं कालचक्र, पुन्हा पुन्हा येणारी युगं, विसरलेल्या माणसांच्या झालेल्या दंतकथा: महाभारत ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही. इतक्या पात्रांचे धागे धरून ठेवायचीही आपल्याला सवय असते. तरी मधल्या चार-पाच खंडांत गोष्ट रेंगाळते, आणि आज एक स्टेशन, उद्या दोन असं वाचलं तर ती आणखीच रेंगाळते. जाडजूड खंड गर्दीत एका हातानं पेलवत नाहीत. हे वाचायचंच असेल तर फोनवर किंवा किंडलवर घ्या. वर्ष-दीड वर्ष एकाच जगात राहायला तयार असाल तर त्यासारखं सुख नाही. शेवटच्या खंडातल्या युद्धाचं एकच प्रकरण इतकं लांब आहे की ते रविवारी मेगाब्लॉक असताना घरी बसून वाचावं.

टॉल्कीन सगळ्यांनी वाचावा. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलेलं हे त्याच्या दृष्टीनं एकच पुस्तक होतं. इंग्रजी जड वाटलं तर मुग्धा कर्णिक यांनी ते ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं मराठीत आणलं आहे. सुरुवात संथ आहे, लोकलमध्ये ती जास्तच संथ होते.

आणि ज्या मालिकेसाठी मी कट्ट्यावर कुणाशीही भांडेन ती म्हणजे उर्सुला ले ग्विनचं ‘अर्थसी’. ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ सालचं, दोनशे पानांच्या आसपास, पर्समध्ये सहज मावणारं. समुद्रात विखुरलेली बेटं, आणि वस्तूचं खरं नाव कळलं तरच तिच्यावर चालणारी जादू. गेड हा शेळ्या राखणारा सावळा पोरगा गर्वापायी एक सावली जगात सोडतो आणि मग तिच्यापासून पळावं की तिच्यामागे जावं हे त्याला ठरवावं लागतं. त्या काळी गोऱ्या राजपुत्रांच्या गोष्टी भरात असताना ले ग्विननं हा रंग मुद्दाम निवडला होता. वाक्यं स्वच्छ, मोजकी. एकही पान भरतीचं नाही. पहिल्या पुस्तकाशी थांबलात तरी काही अडत नाही. पुढे गेलात तर १९७१ सालच्या ‘टूम्ब्स ऑफ अटुआन’मधली अंधाऱ्या थडग्यांतली टेनार भेटते, आणि १९९० सालच्या ‘टेहानू’त तीच टेनार प्रौढ बाई म्हणून परत येते, शेतावर राबणारी, एका जळालेल्या मुलीला सांभाळणारी. लेखिकेनं स्वतःच्याच जगाकडे वीस वर्षांनी नव्यानं बघितलं, ते या यादीतल्या दुसऱ्या कुणालाही इतकं साधलेलं नाही.

तेव्हा त्या बदलापूरच्या मुलीला मी ‘अर्थसी’चं पहिलं पुस्तक दिलं आणि त्याच्या पाठोपाठ ‘लेव्हायथन वेक्स’ घ्यायला सांगितलं. ‘ड्यून’ दिवाळीसाठी राखून ठेव म्हटलं. इंग्रजीच नको असेल तर जयंत नारळीकरांची ‘यक्षांची देणगी’. तो कथासंग्रह आहे, मालिका नव्हे, पण एकेक कथा लोकलच्या एका प्रवासात मावते आणि विज्ञान चोख.

घेताना क्रम मात्र बघा. ‘फाउंडेशन’ १९५१, १९५२ आणि १९५३ ची तीन पुस्तकं याच क्रमानं वाचा. ‘प्रील्यूड टू फाउंडेशन’ कथेत आधी घडतं, पण ते १९८८ साली लिहिलेलं आहे आणि त्यापासून सुरू केलंत तर मूळ तिन्हींतली रहस्यं फिकी पडतात. ‘ड्यून’ची हर्बर्टनं स्वतः लिहिलेली पुस्तकं सहाच. त्याच नावाची पुढची बरीच पुस्तकं त्याच्या मुलानं केव्हिन अँडरसनबरोबर लिहिली आहेत, तेव्हा फाउंटनच्या फुटपाथवर किंवा माटुंग्याला जुनी प्रत उचलताना लेखकाचं नाव वाचून घ्या. ‘व्हील ऑफ टाइम’ची पूर्वकथा ‘न्यू स्प्रिंग’ आधी घेऊ नका, दहावा खंड झाल्यावर घ्या, ती आलीही तेव्हाच. आणि ‘एक्सपान्स’च्या छोट्या कथा ‘मेमरीज लिजन’ या एका पुस्तकात मिळतात. त्यांतली शेवटची, ‘द सिन्स ऑफ अवर फादर्स’, नवव्या कादंबरीनंतरच वाचायची.