नात्याच्या नावाखाली शॉक कॉलर: रेस्क्यू कुत्रं ट्रेनरकडे ठेवण्याआधी हे वाचा

शेल्टरमधून घाबरट कुत्रं घरी आणलंय, लोकांवर गुरगुरतं, आणि आता ते कोणातरी ट्रेनरच्या हवाली करायचा विचार चाललाय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. ट्रेनरचं नाव देत नाही. हाच धंदा करणारे बरेच आहेत आणि सगळ्यांची भाषा सारखीच असते. तुम्हाला ती भाषा ओळखता आली तरी पुरे.

आमची चिंगी दत्तक आली तेव्हा मोठी होती. आधी तिच्या वाट्याला काय आलं होतं ते शेल्टरवाल्यांनाही माहीत नव्हतं. अनोळखी माणूस दारात दिसला की ती टेबलाखाली शिरायची, कोणी वाकून हात पुढे केला की गुरगुरायची. चावली मात्र कधीच नव्हती.

त्या ट्रेनरच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘आधी नातं, मग आज्ञा. मारझोड नाही, ट्रीटची लाच नाही.’ पहिल्या भेटीला आला तो सरळ जमिनीवर बसला, चिंगीकडे पाठ करून, तिच्याकडे न बघता. थोड्या वेळाने ती स्वतःहून टेबलाखालून बाहेर आली आणि त्याची बाही हुंगून गेली. हे त्याने उत्तम केलं, मान्य करायलाच हवं. असल्या माणसांना कुत्र्यांमधलं काही कळत नाही असा समज करून घेऊ नका. चांगलं कळतं, म्हणून तर गिऱ्हाईक मिळतं.

मग मुद्द्यावर आला. घरी राहून हे जमणार नाही, काही आठवडे माझ्याकडे ठेवा, सगळे पैसे आधी, निकालाची गॅरंटी. आणि मधे भेटायला यायचं नाही, कारण ‘तुम्ही दिसलात की ती तुमच्याकडे धावणार, माझ्याशी नातं जुळणार नाही.’ खरी मेख इथेच आहे. नात्यावर आधारलेल्या ट्रेनिंगमध्ये कुत्र्याइतकंच माणसाला शिकायचं असतं: ती कशाने बिचकते, किती अंतरावर बिचकते, तेव्हा आपण काय करायचं. पोहायला मला शिकायचंय आणि पाण्यात उतरणार दुसराच, असला हा प्रकार. शिवाय गॅरंटी! भीती किती दिवसांत जाईल हे छातीठोकपणे सांगणारा एकही जाणकार मला त्यानंतर भेटलेला नाही.

व्हिडिओ मात्र नेमाने यायचे. आवाजाच्या जागी संगीत आणि चिंगीच्या गळ्यात प्रत्येक वेळी रंगीत रुमाल. अनोळखी माणसं शेजारून जातायत आणि ही जागची हलत नाही! घरात कौतुकच कौतुक. तेच व्हिडिओ नंतर आमच्या व्हेटने आवाज बंद करून एकेक क्षण थांबवत दाखवले. कान मागे चिकटलेले, तोंड घट्ट मिटलेलं, जीभ पुन्हा पुन्हा नाकावर, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, पुढचा एक पाय अधांतरी. हे घाबरलेलं कुत्रं होतं. 1967 मध्ये सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी कुत्र्यांवर केलेला प्रयोग व्हेटने तेव्हा सांगितला. विजेचे झटके टाळता येत नाहीत हे एकदा अंगवळणी पडलं की पुढे सुटायची वाट मोकळी असूनही बरीच कुत्री नुसती पडून राहिली. बाहेरून ते शांतच दिसतं.

घरी आल्यावर रुमाल सोडला तर गळ्याच्या खालच्या बाजूला केसांत दोन खपल्या, शेजारी शेजारी, सारख्या आकाराच्या. शॉक कॉलर म्हणजे कुत्र्याला विजेचा झटका देणारा पट्टा; त्याला आतून धातूची दोन टोकं असतात आणि ती कातडीला घट्ट टेकवावी लागतात. व्हेटने बघताक्षणी ओळखलं. ट्रेनरला फोन केला तर आधी ‘खाजवलं असेल’, मग ‘तो शॉक नाही, स्टिम आहे, म्हणजे स्टिम्युलेशन, गुदगुल्या होतात फक्त’, आणि शेवटी करारातलं एक वाक्य: ‘आवश्यक ती सर्व साधने वापरण्यास मालकाची संमती आहे.’

पुढचं नुकसान जास्त मोठं. चिंगी आता गुरगुरत नव्हती. एक पाहुणी तिला गोंजारायला वाकली आणि चिंगीने काहीही आवाज न करता तिच्या मनगटाला चावा घेतला. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ अशी सूचना. त्याबद्दल झटका दिला तर सूचना बंद होते, भीती तशीच राहते.

यावर ट्रेनरचं उत्तर काय, तर तुम्ही घरात ‘अल्फा’, म्हणजे कळपाचे म्होरके, नाही आहात, पुढचा कोर्स घ्या. अल्फाची ही गोष्ट येते प्राण्यांचे अभ्यासक शेंकेल यांच्या 1947 च्या अभ्यासातून, आणि तो होता बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा. ती कल्पना ज्यांच्या पुस्तकामुळे पसरली त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप हा बहुधा आईबाप आणि पिल्लं असं साधं कुटुंब असतो. अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने 2021 मध्ये सर्वच कुत्र्यांसाठी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा, बक्षिसावर आधारलेली पद्धत सुचवली आहे. वेल्समध्ये तर शॉक कॉलर वापरण्यावर 2010 पासून बंदी आहे.

अजून एक. त्याच्या जाहिरातीत ‘मी वाचवलेली कुत्री’ म्हणून आधी-नंतरचे फोटो असतात. फाटक्या कानाचं एक पिवळसर कुत्रं तिथे दोन वेगवेगळ्या नावांनी, दोन वेगवेगळ्या करुण कहाण्यांसह आहे. तेवढं निवांत बसून बघायचं.

ट्रेनरला मी आता दोनच गोष्टी विचारते: कुत्र्याने बरोबर केलं की काय होतं, आणि चुकलं की काय होतं. ‘ते कुत्र्यावर अवलंबून असतं’, ‘समतोल पद्धत’ (म्हणजे बक्षीस आणि शिक्षा दोन्ही), ‘ऊर्जा’ असलं काही ऐकू आलं की मी उठते. बहुतेक देशांत कुत्र्यांचा ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही, त्यामुळे भिंतीवरच्या प्रमाणपत्रावरून फारसं काही कळत नाही. सध्या ज्या बाई येतात त्यांनी पहिल्या दिवशी चिंगीला हातही लावला नाही. माणूस लांबवर दिसला की ट्रीट, माणूस गेला की ट्रीट बंद, आणि ती ताठ व्हायच्या आत मागे फिरायचं. हे सगळं आम्ही करतो, त्या बघतात. फार सावकाश चाललंय. गुरगुरणं परत आलं तेव्हा त्या बाई खूश झाल्या!

तुमचं कुत्रं आत्ता अशा कोणाकडे असेल तर न कळवता जा आणि घेऊन या. त्याच दिवशी व्हेटकडून मान तपासून लेखी घ्या, फोटो काढा, मेसेज पुसू नका, पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेकडे तक्रार नोंदवा. मधेच नेलंत तर झालेलं सगळं ट्रेनिंग वाया जाईल, असं तो म्हणेल. जाऊ दे वाया.