चौदा सेटचे डिशवॉशर आणि उरलेला तवा

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या घरी डिशवॉशर आले त्याला आता 14 महिने झाले. विकत घेण्यापूर्वी मी जे अभिप्राय वाचले, त्यांत पाणी, वीज, आवाज आणि कढईवरचे तेल यांविषयी भरपूर लिहिलेले होते. मात्र यंत्र आल्यावर भांडी कोण लावणार, कोण काढणार आणि यंत्रात न जाणारी भांडी कोणाच्या वाट्याला येणार, याविषयी एकही ओळ सापडली नाही. आमच्या घरात तर खरा प्रश्न तोच निघाला, म्हणून हा अभिप्राय थोडा लांबला आहे.

घरात आम्ही पाच जण. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते, माझे पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात आहेत, सासूबाई आमच्याबरोबर राहतात, मुलगा बारावीत आणि मुलगी आठवीत. भांड्यांना येणाऱ्या मावशी सुनेच्या बाळंतपणासाठी गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. पुढचे चार महिने रात्रीची भांडी मी आणि सकाळची सासूबाई घाशीत होतो, आणि हे कोणी ठरवले होते असे विचारले तर कोणीच नाही, असेच उत्तर द्यावे लागेल. चौथ्या महिन्यात माझ्या बोटांची कातडी साबणाने सोलवटली, तेव्हा यंत्राचा विषय निघाला. चौदा सेटचे (एक सेट म्हणजे एका माणसाच्या जेवणाची भांडी), जमिनीवर ठेवायचे यंत्र आम्हाला 43,000 रुपयांना पडले.

आधी यंत्राविषयी. भांडी उत्तम निघतात, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. रविवारी घरी मिसळ होते आणि तर्रीचे पातेले रात्रीपर्यंत तसेच राहते. 70 अंशांच्या धुण्यात ते पातेले बोट फिरवले तर किरकिरावे इतके स्वच्छ होते. डाळीचा थर, दुधाची साय, चहाच्या गाळण्यातील काळपटपणा, हे सारे जाते. जळके मात्र जात नाही. खाली लागलेला भात आदल्या रात्री भिजत घातला नाही तर तो धुतलेला, चकचकीत, पण लागलेलाच भात म्हणून परत मिळतो. हळदीने पिवळे झालेले प्लॅस्टिकचे डबे पिवळेच राहतात. एका खेपेला साधारण 10 ते 12 लिटर पाणी लागते, आणि उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याची ओढाताण असताना हे किती थोडे आहे ते नळाखाली भांडी विसळणाऱ्याला वेगळे सांगायला नको. कमी विजेच्या धुण्याला साडेतीन तास लागतात, म्हणून आम्ही रात्री लावून झोपतो.

चौदा सेट हा हिशेब मात्र युरोपीय जेवणाचा आहे, ताट-वाटीचा नाही. आपल्या खोलगट वाट्या पालथ्या घालून तिरप्या लावल्या नाहीत तर त्यांत पाणी साचते, आणि काठाची ताटे एकमेकांना चिकटून बसतात. मधले ताट मग कोरडे आणि खरकटेच निघते. गाळणीत आठवड्याला जिरे, कढीपत्ता आणि भाताची शिते सापडतात; ती साफ न केल्यास यंत्राला वास येतो. मीठ मिठाच्या कप्प्यातच आणि डिशवॉशरचेच घालावे लागते. पाण्यातील चुना काढून घेणारी जी राळ आत असते, तिची ताकद त्या मिठाने परत येते, स्वयंपाकाचे मीठ तेथे चालत नाही. गंगापूर धरणाचे पाणी येते तोवर आमचे मीठ बराच काळ पुरते. सोसायटीने बोअरचे पाणी टाकीत सोडले की मिठाचा दिवा लवकर लागतो आणि स्टीलच्या पेल्यांवर पांढरे ठिपके दिसू लागतात.

आता यंत्रात काय घालता येत नाही ते पाहू. लोखंडी तवा, बिडाची कढई, अॅल्युमिनियमचा कुकर, पोळपाट-लाटणे, आणि नाशिककराच्या घरी हमखास असणारी तांब्या-पितळेची भांडी. सासूबाईंनी भांडी बाजारातून हौसेने आणलेली पितळेची घागर आणि तांब्याचा हंडा यंत्रात घातला तर काळवंडतो आणि त्याची झळाळी जाते. परात तिरपी केली तरी पाणी फवारणारा वरचा पंखा फिरू देत नाही. थोडक्यात, आपल्या स्वयंपाकघरातील जे सर्वांत जड, सर्वांत तेलकट आणि सर्वांत काळे, ते सिंकमध्ये उरते.

ते सिंकमध्ये उरते म्हणजे कोणासाठी उरते, हे पहिल्या दोन महिन्यांत माझ्याही लक्षात आले नव्हते. यंत्र आल्या दिवसापासून पतींनी ते आपलेसे केले होते. माहितीपुस्तिका त्यांनी दोनदा वाचली, कोणते भांडे कोणत्या कोनात बसते याचा त्यांनी एक आराखडाच तयार केला, आणि मी लावलेल्या वाट्या काढून ते पुन्हा आपल्या पद्धतीने लावू लागले. वीस वर्षांच्या संसारात ज्या माणसाने आपले ताट उचलून सिंकपर्यंत नेणे हीच भांड्यांतील आपली कामगिरी मानली, तो माणूस रात्री दहा वाजता ओट्यापाशी उभा राहून चमचे मोजीत होता. शेजारी, नातेवाईक, सगळ्यांनी कौतुक केले, मीही केले. यंत्राचे दार लागले, दिवा पेटला, की ते हात पुसून बाहेर जात. आणि मी तवा, कुकर, कढई व परात घाशीत उभी असे. भांडी कोण करते असे कोणी विचारले तर मुले निःशंकपणे सांगत, बाबा करतात.

यंत्र आले की काम पुरुषाचे होते, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. जात्यावर दळण होते तोवर ते बायकांचे काम होते. गावात पिठाची गिरणी आली आणि पट्ट्याशेजारी पिठाने पांढरा झालेला पुरुष उभा राहिला. डोक्यावरून हंडा आणायचा तर बाई जाते, तेच पाणी मोटारसायकलला ड्रम बांधून आणायचे झाले तर बुवा जातो. मला याची तक्रार नाही, जाईना का कामे यंत्राबरोबर पुरुषांकडे. अडचण एवढीच की यंत्राला न जमणारे काम पूर्वीच्याच हातांत राहते, आणि ते आता मोजलेही जात नाही.

मोजण्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देत होत्या आणि पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या सर्वेक्षणात हे आकडे 289 आणि 88 झाले. स्त्रियांची दहा मिनिटे वाचली याचा आनंद मानावा, तर पुरुषांचीही नऊ वाचली. दोघांमधील अंतर 202 मिनिटांवरून 201 वर आले. पाच वर्षांत एक मिनिट. आमच्या घरात यंत्राने पतींची मिनिटे वाढवली, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते, परंतु माझी किती कमी झाली ते पाहण्यासाठी एका आठवड्यात मी घड्याळ लावून भांडी घासली, तेव्हा रात्रीची 40 मिनिटे 25 वर आल्याचे दिसले. 43,000 रुपयांत पंधरा मिनिटे.

सेवेचा अनुभवही याच सुरातला आहे. यंत्राची खरेदी माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून, नोंदणीला फोन क्रमांक माझा. तरीही पहिल्या मोफत तपासणीच्या वेळी फोनवर "सर आहेत का?" असे विचारले गेले. तंत्रज्ञ मुलगा घरी आला तेव्हा पती बटाटे सोलत बसले होते. त्याने गाळणी काढून ती पतींसमोर धरली आणि म्हणाला, "सर, ही अशी उलटी फिरवायची, आणि मिठाचं झाकण घट्ट लावायचं." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, भांड्यांतलं खरकटं आधी काढून ठेवत जा, म्हणजे गाळणी तुंबत नाही." मुलगा गुणी होता, काम चोख केले, तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. यंत्राचा भाग सरांना आणि खरकट्याचा भाग मॅडमना, ही वाटणी त्याने घरूनच आणलेली होती. वास्तविक वापरण्याजोगे पहिले भांडी धुण्याचे यंत्र अमेरिकेतील जोसेफाइन कॉक्रन या बाईंनी बनवले, त्याचे पेटंट 28 डिसेंबर 1886 चे आहे, आणि 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते मांडले गेले. त्या बाई स्वतः भांडी घाशीत नव्हत्या, नोकरांच्या हातून उंची कपबशांचे टवके उडत म्हणून त्यांना यंत्र सुचले, ही गोष्टही येथेच सांगून टाकावी. त्यांचे गिऱ्हाईक प्रथम हॉटेले होती. घरातल्या बाईपर्यंत यंत्र पोचायला आणखी कित्येक दशके गेली.

सासूबाईंचे म्हणणे निराळे पडले. त्या चांदवड तालुक्यातल्या. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन झाले, तेव्हा गावातल्या बायकांबरोबर त्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून तेथे गेल्या होत्या. लाखो बायका एका मैदानात बसलेल्या त्यांनी पाहिल्या. पुढे संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली आणि घरच्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून देणारी गावे पुढे आली, त्यांत माझ्या सासऱ्यांनीही एक एकर सासूबाईंच्या नावावर केला. तो सातबारा त्यांनी अजून कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवला आहे. यंत्रावरून घरात बोलणे चालले असताना त्या मला म्हणाल्या, "अगं, जमीन नावावर झाली त्या रात्रीची भांडीसुद्धा मीच घासली. तलाठ्याकडे शेताचा उतारा असतो, मोरीचा नसतो." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात कडवटपणा अजिबात नव्हता. सासऱ्यांनी जे दिले ते त्या काळात गावात थोड्यांनीच दिले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. मला मात्र तेव्हा प्रथमच कळले की मी भांडत होते ते पंधरा-पंचवीस मिनिटांसाठी नव्हते.

त्यानंतर मी पतींशी सरळ बोलले. मदत करता ती थांबवा, कारण मदतीत काम माझेच राहते, असे मी म्हटले. त्यांना हे लागले, "अगं, मी रोज करतो ना?" असे ते म्हणाले, आणि ते खोटेही नव्हते. शेवटी ठरले ते असे की एका आठवड्याची भांडी एकाची, यंत्रातली आणि सिंकमधली दोन्ही, तव्यासकट. शिवाय यंत्राच्या साबणाच्या गोळ्या, मीठ आणि चकाकीचे द्रव संपत आले की आणणेही त्याच्याकडेच. मुलगा तिसऱ्या आठवड्याला आला. मुलीने आपणहून चौथा मागितला, परीक्षेच्या काळात मात्र तिला सूट आहे, जशी मुलालाही होती.

पतींच्या दुसऱ्याच आठवड्यात गोळ्या संपल्या. मी आठवण केली नाही. पहिल्या रात्री भांडी यंत्रात तशीच राहिली, दुसऱ्या दिवशी सकाळी वाट्या कमी पडल्या म्हणून आमटी पेल्यांतून वाढली गेली, संध्याकाळी सासूबाई बाही वर सारून सिंककडे निघाल्या तेव्हा मी त्यांना हाताला धरून हॉलमध्ये आणून बसवले. त्यांना ते दृश्य पाहवत नव्हते, खरे म्हणजे मलाही नाही. खरकट्या भांड्यांचा ढीग दिसत असताना स्वस्थ बसणे हे मी घरकामात शिकलेले सर्वांत अवघड काम आहे. रात्री साडेनऊला पतींनी काही न बोलता गाडीची किल्ली घेतली आणि पाथर्डी फाट्याकडून गोळ्यांचा मोठा डबा आणला. तवा त्या रात्री त्यांनी "भिजत" ठेवला. तो सकाळपर्यंत गंजला, मग त्यांनीच तो घासून, तेल लावून ठेवला. तेव्हापासून तवा भिजत पडलेला नाही.

ज्यांना यंत्र घ्यायचे आहे त्यांच्यासाठी काही व्यावहारिक गोष्टी. ओट्याखाली किंवा बाल्कनीत 60 सेंटिमीटर रुंदीची जागा, स्वतंत्र नळ, सांडपाण्याची वाट आणि 16 अँपिअरचा पॉइंट लागतो. वीज गेली तर घरच्या इन्व्हर्टरवर ते चालवण्याचा प्रयत्न करू नये. गोळ्यांऐवजी भुकटी वापरल्यास खर्च कमी येतो आणि धुण्यात फरक दिसत नाही. घरी भांड्यांना बाई येत असतील आणि त्यांचे घर त्या पगारावर चालत असेल, तर यंत्राच्या निमित्ताने त्यांना एका महिन्यात मोकळे करणे योग्य नाही; आमच्या वरच्या मजल्यावरील कुटुंबाने मावशींना त्याच पगारात स्वयंपाकाच्या तयारीचे काम दिले, ते मला पटले. दोनच माणसांच्या घरी चौदा सेटचे यंत्र भरायला दोन दिवस लागतात आणि तोवर भांडी वाळून कडक होतात, तेव्हा आठ सेटचे पाहावे.

पाचपैकी किती तारे द्यायचे म्हटले तर धुण्याला साडेचार, सेवेला तीन. एक तारा मी तव्यासाठी राखून ठेवते, त्याचा दोष यंत्राकडे जात नाही.

परवा सासूबाई वर्तमानपत्रातील जाहिरात घेऊन माझ्याकडे आल्या. पोळ्या करण्याचे यंत्र निघाले आहे, कणीक मळण्यापासून भाजण्यापर्यंत सगळे तेच करते, असे तीत लिहिले होते. "हे आण," त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे तो पोळ्याही करील." आम्ही चौकशी केली. आमच्या यंत्राच्या दुपटीहून अधिक किंमत आहे आणि पोळी निघते ती फुलक्याएवढी, घडीची नाही. दिवाळीपर्यंत थांबायचे ठरले आहे.