गेजचा काटा खरा होता, तरी आम्ही फसलो

आमच्या सोसायटीचे 4 लाख 80 हजार रुपये गेले. ते नेणाऱ्या माणसाने आम्हाला एकही खोटा आकडा दाखवला नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. उद्या तुमच्याही गच्चीवर कुणी पाण्याचा दाब मोजायचं काचेचं गेज घेऊन चढलं, तर त्याला काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असावं म्हणून हे लिहितेय.

मुलुंड पूर्वेला तळमजला अधिक 7 मजल्यांची आमची इमारत, 32 फ्लॅट. मी सातव्या मजल्यावर राहते आणि सोसायटीची खजिनदारही आहे. हे दोन्ही एकाच बाईकडे असायला नको होतं, हे आधीच कबूल करते. पाणी नेहमीसारखंच : पालिकेचं खालच्या टाकीत, तिथून पंपाने गच्चीवर, गच्चीवरून डाउनटेकने, म्हणजे खाली उतरणाऱ्या पाइपने, घराघरात. तळमजल्यावरच्या आजी म्हणतात, नळ सोडला की हातातलं भांडं उडतं. माझ्याकडे शॉवरखाली उभं राहिलं की एक खांदा भिजतो, दुसरा वाट बघतो. गॅस गीझर तर पेटतच नाही, त्याला पेटायलाही पाण्याचा थोडा जोर लागतो.

कमिटीतल्या एकाच्या ओळखीने तो कॉन्ट्रॅक्टर आला. दुपारी साडेतीनला. पांढरा शर्ट, बॅगेत गेज, बोलणं बेताचं. माझ्या बाथरूममधला शॉवर काढून त्याने तिथे गेज फिरवून बसवलं, कॉक उघडला. काटा पाव किलोवर. (बोलताना सगळे किलोच म्हणतात, अर्थ दर चौरस सेंटिमीटरला किलो.) मग आम्हा चौघांना लिफ्टने खाली नेलं आणि तेच गेज आजींच्या नळाला लावलं. अडीच किलो.

"मॅडम, टाकी एकच, पाणी एकच. इथे अडीच आणि तुमच्याकडे पाव. मधलं सव्वादोन किलो जातं कुठे?"

एवढंच विचारून तो गप्प बसला. उत्तर आमच्या सेक्रेटरी काकांनी दिलं, "पाइप खातो!" त्याने हलकेच मान डोलावली आणि वर सांगितलं की पाइपपेक्षाही टाक्यांचा दोष मोठा आहे. गच्चीवर उभट प्लॅस्टिकच्या चार टाक्या होत्या, मिळून 20 हजार लिटरच्या. अरुंद टाकीत पाण्याचं वजन पडत नाही, 30 हजार लिटरची रुंद पॅनल टाकी बसवा, वजन वाढेल, प्रेशर दुप्पट होईल. लेखी गॅरंटी.

जास्त पाणी, जास्त वजन, जास्त जोर. ऐकायला किती सरळ वाटतं! मला तर माझ्याच वाक्यासारखं वाटलं.

खरं म्हणजे मला हे लहानपणीच कळलं होतं. आजोळी दोन विहिरी होत्या, एक पायऱ्यांची ऐसपैस, दुसरी वाडीतली, हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील अशी. दोन्हींत बुड्या मारल्या आहेत. दोन पुरुष खोल गेलं की कान सारखेच दुखायचे. मोठ्या विहिरीत पाणी कितीतरी पट, पण कानाला त्याचं काही नसायचं. कानाला फक्त डोक्यावर किती उंच पाणी आहे तेवढं कळतं. नळाचंही तसंच. टाकी हौदाएवढी असो की पिंपाएवढी, पाण्याची पातळी नळापासून किती उंच, यावर दाब ठरतो. साधारण 33 फुटांना 1 किलो. म्हणजे 10 फुटांचा एक मजला उतरलात की 300 ग्रॅम वाढले.

आता तो "हरवलेला" सव्वादोन किलो शोधू. टाकीचा तळ गच्चीपासून 4 फुटांवर, म्हणजे माझ्या फरशीपासून 14 फुटांवर. शॉवर 7 फुटांवर. दुपारी साडेतीनला, संध्याकाळचा पंप लागायच्या आधी, टाकीत जेमतेम फूटभर पाणी. म्हणजे शॉवरच्या वर 8 फूट पाणी : पाव किलो. आजींचा नळ माझ्या शॉवरपेक्षा 75 फूट खाली. 83 फूट : अडीच किलो. पाइपने एक ग्रॅमसुद्धा खाल्ला नव्हता. ज्याला तो तोटा म्हणत होता, ती आमच्या इमारतीची उंची होती!

मी बँकेत 26 वर्षं काढली. त्रैराशिक मला येतं. त्या दिवशी केलं नाही, एवढंच.

ठराव झाला, दर फ्लॅटमागे 15 हजार. कोटेशन एकच घेतलं, कारण ओळखीचा माणूस. 3 लाख 60 हजार आगाऊ, उरलेले "रिझल्ट दाखवल्यावर". जुन्या टाक्या त्याने "बायबॅक" म्हणून टेम्पोत घालून नेल्या, त्याचे पैसे बिलात कुठे वळते झाले ते मला अजून सापडलेलं नाही. दहा दिवसांत गच्चीवर चकचकीत पसरट टाकी उभी राहिली. लांबी-रुंदी भरपूर, उंची 4 फूट. जुन्या टाक्यांत पाणी 6 फुटांपर्यंत चढायचं. हे आमच्या डोळ्यांसमोर होतं.

रिझल्ट त्याने सकाळी साडेसातला दाखवला. पंप नुकताच बंद झालेला, टाकी काठोकाठ. माझ्या बाथरूममध्ये आला आणि सहज म्हणाला, "शॉवरला आत्ताच टेप लावलीय मॅडम, सुटेल, इथेच बघू या." आणि गेज बसवलं खालच्या, बादलीच्या नळाला. काटा अर्ध्या किलोवर. पावाचा अर्धा किलो झाला! सेक्रेटरी काकांनी टाळी दिली. मी त्याच दुपारी 1 लाख 20 हजारांचा चेक सही केला.

बादलीचा नळ शॉवरच्या 5 फूट खाली. टाकीत आता एकाऐवजी 4 फूट पाणी. दोन्ही मिळून 8 फूट वाढले, आधीच्या 8 चे 16 झाले. दुप्पट. मोजायची जागा बदलली, वेळ बदलली, काटा बिचारा खरंच बोलला. शॉवरला लावला असता तर भरल्या टाकीलाही 11 फूटच दिसले असते, आणि जुनी टाकी भरलेली असताना तिथे 13 फूट मिळायचे. म्हणजे पावणेपाच लाख रुपये घालून आम्ही दाब कमी करून घेतला.

हे उघडकीस आणलं दुसऱ्या मजल्यावर वॉशर बदलायला आलेल्या प्लंबरने. सावंतवाडीकडचे, आधी गवंड्याच्या हाताखाली काम केलेले. मी तक्रार सांगितली, तसं त्यांनी पिशवीतून लेव्हलची पारदर्शक नळी काढली. एक टोक भरलेल्या बादलीत घातलं, तोंडाने ओढून नळी भरली, दुसरं टोक बादलीशेजारी वर धरलं. नळीतलं पाणी बादलीतल्या पाण्याच्या पातळीला येऊन थांबलं.

"बादलीत दहा लिटर, नळीत घोटभर. कोण कुणाला ढकलतंय का? ताई, नळाला टाकीची रुंदी दिसत नाही."

मग त्यांनी जे सांगितलं ते लक्षात ठेवा. सगळे नळ बंद असताना गेज फक्त उंची दाखवतं. पाइप अर्धा गंजून बुजलेला असला तरी बंद नळावर काटा तेवढाच उभा राहणार. पाइपचा दोष बघायचा तर शेजारचा नळ पूर्ण सोडायचा आणि काटा किती घसरतो ते बघायचं, कारण अडथळा वाहत्या पाण्यालाच जाणवतो. आमच्या कॉन्ट्रॅक्टरने एकदाही नळ वाहता ठेवून गेज लावलं नव्हतं. तेव्हा कुणी "आधी" आणि "नंतर" दाखवत असेल तर नळ तोच, टाकीतली पातळी तीच, आणि बाकीचे नळ दोन्ही वेळा सारखेच बंद किंवा सारखेच उघडे, यावर हटून बसा.

उंचीचं हे गणित मुंबईला नवं नाही. मलबार हिलचा ब्रिटिशकाळातला जलाशय टेकडीवर, हँगिंग गार्डनच्या पोटात बांधला तो हवा खायला नव्हे. तिथून उताराने पाणी दक्षिण मुंबईत पोचतं. आमच्या गच्चीवर मात्र टेकडी कुठून आणणार? टाकी आणखी 4 फूट उचलली तरी मिळणार 120 ग्रॅम. एक किलो हवा तर तीन मजल्यांचा मनोरा लागेल.

उपाय होता तो साधा होता : सहाव्या-सातव्या मजल्याची लाइन टाकीपासून वेगळी काढून तिच्यावर छोटा प्रेशर पंप. आता तो बसवलाय. सगळ्या इमारतीच्या डाउनटेकवर नाही बसवला. दीड किलोचा पंप तिथे लावला असता तर आजींच्या नळाला चार किलो झाले असते आणि वॉशरांची रांग लागली असती. कुणीतरी पालिकेच्या लाइनलाच पंप जोडायचंही सुचवलं होतं. ते नियमात बसत नाही, आणि शेजारच्या इमारतीचं पाणी ओढणं आहे ते.

माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीने. 10 हजार लिटर जास्त पाणी म्हणजे गच्चीच्या डोक्यावर 10 टन जास्त. स्ट्रक्चरल इंजिनियरला कुणी विचारलंच नव्हतं. नंतर इंजिनियर येऊन गेले, आता टाकीत दोन फुटांच्या वर पाणी चढू द्यायचं नाही असं ठरलंय, फ्लोट खाली बांधलाय. म्हणजे मोठ्या टाकीत आता आधीपेक्षा कमी पाणी.

पोलीस ठाण्यात सांगितलं की हा व्यवहाराचा वाद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, 1915 ला, तक्रार नोंदवली आहे. वकिलाची नोटीसही गेली. तिला कॉन्ट्रॅक्टरचं उत्तर आलं, अगदी नम्र. लेटरहेडवर गॅरंटीचं वाक्य पुन्हा छापलंय : "सातव्या मजल्यावर प्रेशर दुप्पट." कोणत्या नळाला, टाकीत किती पाणी असताना, यातलं काही नाही. सोबत त्या सकाळच्या गेजचा फोटो, मागे माझ्या बाथरूमच्या निळ्या टाइल्स.

इंजिनियर येण्याआधी एकदाच टाकी पूर्ण भरली होती तेव्हा मी स्वतः गेज आणून मोजलं. बादलीच्या नळाला, बरोबर अर्धा किलो.