घाना की आयव्हरी कोस्ट?

पश्चिम आफ्रिकेतल्या या दोन शेजारी देशांपैकी मन कुणाकडे ओढतं? शेजार एकच, कोकोही एकच. सीमेच्या दोन्ही अंगांना अकान वंशाचे लोक. कोकोची पिवळीधमक फळं फोडायची, गरासकट बिया केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या, हेही सारखंच. आपल्या काजू कारखान्यांत दोघांचाही कच्चा काजू येतो.

कोको पिकवण्यात आयव्हरी कोस्ट जगात पहिला. त्याचं चलन फ्रँक, त्याचा दर युरोला बांधलेला, म्हणून महागाई आटोक्यात. घानाचं चलन सेडी २०२२ मध्ये गडगडलं आणि महागाई ५० टक्क्यांवर गेली.

तरी माझं मन घानाकडेच ओढतं. १९५७ साली ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालेल्या या देशात २००० पासून चारदा सत्ता मतपेटीतून, शांतपणे बदलली. आयव्हरी कोस्टमध्ये २०१० च्या निवडणुकीनंतर सुमारे ३,००० माणसं मारली गेली.